जुन्या अमेरिकन व्ही-८ चं आयडलिंग: कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी आणि लावल्यावर

मिशिगनमध्ये एप्रिल लागला की गराजची दारं उघडतात. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागल्यापासून झाकून ठेवलेल्या शेव्हेल, जीटीओ, रोडरनर अशा जुन्या अमेरिकन गाड्या बाहेर निघतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या हायवेला सुरेख धावतात, पण सिग्नलला उभ्या राहिल्या की थरथरायला लागतात. कधी आरपीएम खाली-वर होतो, कधी ड्राईव्हमध्ये टाकताच इंजिन बंद पडतं, कधी चावी काढली तरी दोन-चार ठोके देत राहतं. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींनी नोकरीत स्थिरावल्यावर अशी एखादी गाडी घेतली आहे. लहानपणी घरच्या ॲम्बॅसडरचा किंवा पद्मिनीचा कार्ब्युरेटर उघडताना पाहिलेला असतो, त्यामुळे हात थेट मिक्श्चर स्क्रूकडे, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळावं हे ठरवणाऱ्या स्क्रूकडे, जातो. हा लेख तो हात थोडा वेळ थांबवण्यासाठी आहे.

आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, इंजिन सगळ्यात अशक्त असतं. स्पार्क जरा कमजोर असला, कुठे थोडी हवा आत जात असली, पेट्रोलची पातळी थोडी वर-खाली असली, तर ते वेगात कळत नाही, आयडलला कळतं. म्हणून आयडलचा दोष कार्ब्युरेटरमध्ये दिसतो खरा, पण पुष्कळदा असतो दुसरीकडेच. तपासायचा क्रम असा ठेवा: आधी इग्निशन (स्पार्कची यंत्रणा), मग व्हॅक्यूम लीक (नको तिथून आत शिरणारी हवा), मग पेट्रोलची पातळी, मग थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) जागा आणि शेवटी मिक्श्चर. हा क्रम मोडला की एक दोष दुसऱ्या दोषाखाली झाकला जातो आणि पुढे दोन्ही शोधणं अवघड होतं.

उदाहरणासाठी एक अगदी नेहमी भेटणारी जोडी घेऊ: १९६९ ची शेव्हर्ले, ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन, आणि त्यावर आधीच्या कुणा मालकाने बसवलेला हॉली कंपनीचा १८५० नंबरचा ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवेचा) कार्ब्युरेटर. कारखान्यातून या चार बॅरलच्या (चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरच्या) इंजिनावर रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर यायचा. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. क्रायस्लरच्या गाडीवरचा कार्टर कंपनीचा कार्ब्युरेटर असला तरी तपासण्याची पद्धत हीच.

आयडलला पेट्रोल येतं कुठून

एवढं नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गाडी पळत असताना कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि गळ्यातल्या बूस्टर नावाच्या छोट्या नळीतून पेट्रोल ओढलं जातं. आयडलला थ्रॉटलची प्लेट, म्हणजे बटरफ्लाय, जवळजवळ मिटलेली असते. हवा इतकी थोडी असते की बूस्टर काहीच ओढत नाही. पण प्लेटच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागात), जबरदस्त व्हॅक्यूम असतो. तो व्हॅक्यूम एका वेगळ्या बारीक वाटेने पेट्रोल ओढतो. हे पेट्रोल फ्लोट बाउलमधून (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतून) मेन जेट हे मापाचं भोक पार करतं, एका अगदी बारीक भोकातून वर चढतं, तिथे त्यात थोडी हवा मिसळते आणि मग ते खाली उतरून दोन ठिकाणी पोचतं. एक म्हणजे प्लेटच्या खालचं छोटं भोक. यातून किती पेट्रोल जावं हे मिक्श्चर स्क्रू ठरवतो. दुसरी ट्रान्सफर स्लॉट नावाची उभी बारीक फट. ती प्लेटच्या कडेपाशी असते, आणि प्लेट उघडत जाईल तशी ती प्लेटखाली अधिकाधिक उघडी पडते, म्हणजे आयडलवरून वेग घेताना मध्ये खंड पडत नाही.

यावरून तीन गोष्टी लक्षात घ्या. मेन जेट बदलून आयडल सुधारत नाही, त्यामुळे जेटांचा संच विकत घ्यायची घाई करू नका. मिक्श्चर स्क्रूचा अंमल फक्त त्या छोट्या भोकावर आहे, स्लॉटवर नाही. आणि आयडल स्पीडचा स्क्रू पेट्रोलचा नसून प्लेट किती उघडी ठेवायची याचा आहे. तो जास्त आवळला की स्लॉट उघडा पडतो आणि मिक्श्चर स्क्रू निकामी होतात.

सुरू करण्याआधी

लागणारी अवजारं फार नाहीत: व्हॅक्यूम गेज, टायमिंग लाइट, ड्वेल आणि आरपीएम दाखवणारं मीटर, फ्युएल प्रेशर गेज, चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक-अष्टमांश इंचाची ॲलन की आणि एक वही. यातलं एकच घ्यायचं झालं तर व्हॅक्यूम गेज घ्या. एवढं स्वस्त आणि एवढं बोलकं दुसरं अवजार नाही.

काम शक्यतो उघड्यावर करा. गराजचं दार अर्धवट उघडं ठेवून इंजिन चालवणं पुरेसं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ ओढणी, टाय, सैल बाह्या नकोत. आणि इंजिन क्रँक होत असताना कार्ब्युरेटरवर कधीच वाकू नका. कार्ब्युरेटरमधून उलटी फुटलेली आग थेट तोंडावर येते.

आता लक्षण वहीत लिहा. फक्त थंडीत बिघडतं की गरम झाल्यावर, की कायम? आरपीएम जास्त आहे की कमी? धुराला काळेपणा आणि डोळे चुरचुरणारा वास आहे का? असेल तर मिक्श्चर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. आरपीएम लाटेसारखा वर-खाली होतो आणि मध्येच कार्ब्युरेटरमधून शिंक आल्यासारखा आवाज येतो का? तर बहुधा लीन, म्हणजे पेट्रोल कमी. मिक्श्चर स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत फिरवून किती वळसे बसतात ते मोजा, लिहा आणि होता तिथेच परत आणा. आधीच्या माणसाने काय केलं होतं हे पुढे उपयोगी पडतं.

सोप्या गोष्टी आधी

एअर क्लीनर काढा. चोकची (थंड इंजिनाची हवा कमी करणारी) प्लेट इंजिन गरम झाल्यावर सरळ उभी, पूर्ण उघडी राहते का पाहा. १८५० नंबरच्या हॉलीला चोक हाताने ओढायच्या केबलचा असतो. केबल जराशी अडकली तरी फास्ट आयडलचा कॅम (थंड इंजिनाचा आरपीएम वाढवणारा तुकडा) मध्ये येतो आणि आरपीएम कमी होत नाही. ॲक्सिलरेटरची दांडी, परतीची स्प्रिंग, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याची किकडाउन (गिअर खाली आणणारी) केबल, एवढंच काय पायाखालचं मॅटसुद्धा बघा. थ्रॉटल हाताने मिटवून पाहा. आरपीएम पडला तर दोष लिंकेजमध्ये आहे, कार्ब्युरेटरमध्ये नाही.

पेट्रोल हिवाळाभर टाकीत पडून असेल तर ते काढून ताजं भरा. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. शिळ्या पेट्रोलवर केलेलं कुठलंही ट्यूनिंग ताज्या पेट्रोलवर टिकत नाही.

इग्निशन

आठही प्लग काढून ओळीने मांडा. सगळे सारखे काळे असतील तर सगळीकडे रिच. एक-दोनच काळे आणि ओले असतील तर त्या सिलिंडरला स्पार्क मिळत नाही, आणि मग कार्ब्युरेटरचा काही दोष नाही. गॅप ०.०३५ इंच ठेवा. प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत बारीक काळी रेघ, म्हणजे तडा, दिसते का पाहा. वायरींचा क्रम शेव्हर्ले स्मॉल-ब्लॉकला १-८-४-३-६-५-७-२, आणि रोटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. इथे एक जुनं दुखणं आहे. ५ आणि ७ नंबरचे सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर एकीचा स्पार्क दुसरीत उडी मारतो. त्या दोन वायरी वेगवेगळ्या ठेवा.

डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) अजून असतील तर ड्वेल, म्हणजे ते मिटलेले राहण्याचा कोन, २८ ते ३२ अंशांत हवा. डेल्को कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला एक छोटी सरकती खिडकी असते. इंजिन चालू असताना त्यातून ॲलन की घालून ड्वेल लावता येतो. मीटर नसेल तर इंजिन मिसिंग करू लागेपर्यंत स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि मग अर्धा वळसा मागे घ्या. ड्वेल बदलला की टायमिंग हलतं, म्हणून ड्वेल आधी, टायमिंग नंतर.

टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर स्पार्क पडतो ते, बघताना व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणाऱ्या डबीची) नळी काढून तिचं तोंड बंद करा. त्या काळचे कारखान्याचे आकडे ० ते ४ अंशांच्या आसपास असायचे. साध्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) ३५० ला आज बरेच जण ८ ते १२ अंश ठेवतात आणि आयडल त्याने खरोखर सुधारतं, फक्त चढावर इंजिन खडखडत नाही ना हे ऐकायचं. अजून एक गोष्ट: क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. पन्नास-साठ वर्षांत ते रबर सैल होतं, कडी सरकते आणि टायमिंगची खूणच खोटी सांगू लागते. आकडा काही केल्या जुळत नसेल तर १ नंबरचा पिस्टन खरोखर वर कधी येतो हे प्लगच्या भोकात बसवायच्या पिस्टन स्टॉपने तपासा.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीला तोंडाने ओढून पाहा. दम टिकत नसेल तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि तो स्वतःच एक व्हॅक्यूम लीक आहे.

व्हॅक्यूम लीक: खरा संशयित

गेज मॅनिफोल्डच्या थेट व्हॅक्यूमला जोडा, थ्रॉटलच्या वरच्या नळीला नाही. समुद्रसपाटीच्या आसपास, साध्या कॅमच्या धडधाकट इंजिनात, आयडलला काटा १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर उभा राहतो. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करा. पाच हजार फुटांवरच्या डेन्व्हरला राहणाऱ्याने १४ पाहून घाबरू नये.

काटा कसा हलतो ते शांतपणे, पूर्ण एक मिनिट बघा. स्थिर पण खाली, म्हणजे १२-१४ वर, असेल तर लीक किंवा मागे पडलेलं टायमिंग. सावकाश डोलत असेल तर मिक्श्चर. ठरावीक तालात टकटक खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. अशा वेळी कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तो दोष कुठल्याही स्क्रूने जाणार नाही.

लीक शोधायची सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे एकेक नळी चिमटून बघणं. ब्रेक बूस्टरची जाड नळी पक्कडीला फडकं गुंडाळून दाबा. आरपीएम लक्षणीय बदलला तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह हवा ओढतोय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे (व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डबीकडे) जाणारी नळीही तशीच तपासा. ही नळी काढल्यावर आत लाल तेल दिसलं तर मॉड्युलेटर फाटला आहे आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल पिऊन पांढरा धूर काढतंय. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू मॅनिफोल्डमध्ये नेणारी झडप) काढून हलवा, आत गोळी खुळखुळली पाहिजे. त्याचं तोंड अंगठ्याने बंद केलं की आरपीएम थोडा उतरायला हवा. अजिबात उतरला नाही तर तो तुंबला आहे.

सांध्यांसाठी बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम मॅनिफोल्डवर आणि जुन्या वायरींजवळ ते ज्वालाग्राही आहे. नवख्याने बारीक फवाऱ्याचं साधं पाणी वापरावं. पाणी फटीवर पडलं की क्षणभर आवाज बदलतो. डिस्ट्रिब्यूटरपासून मात्र लांब राहा.

आता आपल्या उदाहरणातली खास अडचण. १९६९ चं कारखान्याचं मॅनिफोल्ड क्वाड्राजेटसाठी आहे: पुढची दोन भोकं लहान, मागची दोन खूप मोठी. हॉलीची चारही सारखी. मध्ये ॲडॅप्टरची प्लेट आणि दोन पॅकिंग येतात, आणि मागच्या मोठ्या भोकांची कड कित्येकदा पॅकिंगच्या बाहेर जाते. वरून सगळं घट्ट दिसतं आणि आतून हवा जात असते. अशी गाडी समोर आली तर मी आधी कार्ब्युरेटर उचलून पॅकिंगवर उमटलेला ठसा बघतो. ठसा चारही बाजूंनी अखंड हवा. कुठे ठसा नाही, किंवा कोरी पट्टी काजळीने काळी झाली आहे, तर लीक सापडला. बसवताना नट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. जोर लावला की बेसप्लेट वाकते आणि नवा लीक तयार होतो.

एक लीक असा आहे की बाहेरून सापडतच नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग खालच्या बाजूने, इंजिनाच्या मधल्या, लिफ्टरच्या पोकळीत फुटलेलं असतं. त्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह इंजिनावरच्या कव्हरमधून काढून त्याचं आणि कव्हरचं, दोन्ही तोंडं बंद करा, ब्रीदर (हवा आत घेणारं झाकण) बंद करा आणि डिपस्टिकच्या नळीवर बोट ठेवा. दाब जाणवला तर ठीक. बोट आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या पोटातून हवा आणि तेल ओढतंय. मग मॅनिफोल्ड काढावंच लागेल.

पेट्रोलची पातळी

फ्युएल पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआयच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर बाउलच्या तोंडाची झडप, नीडल-सीट, त्याला रोखू शकत नाही आणि बाउल भरून वाहतो.

हॉलीची मोठी सोय म्हणजे बाउलच्या बाजूचा साइट प्लग. गाडी सपाटीवर उभी करून इंजिन गरम करा, प्लगखाली फडकं धरा आणि प्लग काढा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेलं हवं, गाडी हलवली की ओघळ यावा इतकंच. धार लागली तर पातळी जास्त. इंजिन बंद करा. वरचा लॉक स्क्रू थोडा सैल करून नट फिरवा: घड्याळाच्या दिशेने पातळी उतरते, उलट फिरवला की चढते. एका वेळी नटची एक बाजू पुरे. परत आवळा, सुरू करा, पुन्हा बघा. नट फिरवूनही पातळी ऐकत नसेल तर नीडलखाली कचरा आहे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय.

मग इंजिन चालू असताना, चष्मा लावून, टॉर्च मारून, बाजूने पुढच्या दोन गळ्यांत डोकवा. आयडलला बूस्टर कोरडे हवेत. थेंब टपकत असतील तर एकतर पातळी जास्त आहे किंवा थ्रॉटल खूप उघडा आहे.

थ्रॉटलची जागा: जिथे बहुतेक जण चुकतात

वरची एखादी गोष्ट बिघडलेली असली की गाडी बंद पडू नये म्हणून माणूस आयडल स्पीडचा स्क्रू आवळतो. गाडी चालू राहते आणि दोष मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात प्लेट वर उचलली जाते, ट्रान्सफर स्लॉट उघडा पडतो आणि इंजिन त्या स्लॉटमधून अनियंत्रित पेट्रोल पिऊ लागतं. मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. वेग घेताना अडखळतं, कारण स्लॉटने जे पेट्रोल पुढे द्यायचं ते आधीच संपलेलं असतं. चावी काढल्यावर इंजिन धडधडत राहतं, कारण उघड्या प्लेटमधून त्याला हवा आणि पेट्रोल मिळतच असतं.

हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून एकदा कार्ब्युरेटर काढा. बाउल रिकामे करा, चोक पूर्ण उघडा ठेवून फास्ट आयडलचा कॅम बाजूला करा आणि कार्ब्युरेटर उलटा धरा. पुढच्या दोन प्लेटांच्या कडेला, मिक्श्चरच्या बाजूला, ती बारीक उभी फट दिसेल. आयडल स्क्रू सैल करत जा. प्लेट मिटत जाईल तशी फट लहान होते. तिचा जेमतेम चौकोन उरायला हवा, म्हणजे जेवढी रुंद तेवढीच उंच, साधारण ०.०२० इंच किंवा अर्धा मिलिमीटर. उभा आयत दिसला तर प्लेट जास्त उघडी. काहीच दिसलं नाही तर जास्त मिटलेली, आणि मग ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन क्षणभर घुटमळेल.

या जागी स्क्रू थांबवा. तो नेमका किती वळसे आत आहे ते लिहून ठेवा. ही तुमची मूळ जागा. पुढे कधीही ट्यूनिंग भरकटलं तर कार्ब्युरेटर न काढता इथे परत येता येतं.

उलटा धरलेलाच आहे तर मागच्या प्लेटांचा स्टॉप स्क्रूही बघा. हा छोटा स्क्रू बेसप्लेटच्या खालून असतो आणि कार्ब्युरेटर बसलेला असताना दिसतही नाही. त्याने मागच्या प्लेटा किंचित उघड्या ठेवता येतात. प्लेटा पूर्ण मिटवून स्क्रू जेमतेम टेकवा आणि तिथून साधारण अर्धा वळसा आत घ्या. मूळ जागेवर ठेवल्यावर इंजिनाला हवा कमी पडून आयडल फार खाली येत असेल तर जास्तीची हवा इथून द्या. पुढचा स्क्रू आवळू नका.

आता मिक्श्चर

इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, व्हॅक्यूम गेज जोडलेलं. १८५० नंबरच्या हॉलीला मिक्श्चरचे दोनच स्क्रू असतात, पुढच्या मीटरिंग ब्लॉकच्या (पेट्रोलच्या बारीक वाटा असलेल्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना. दोन्ही अलगद आत बसवा, आवळू नका. टोक दाबलं गेलं की त्यावर चर पडते आणि मग ते कधीच नीट बसत नाही. दोन्ही दीड वळसा बाहेर काढा आणि इंजिन सुरू करा.

१. एक स्क्रू पाव वळसा आत घ्या आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. इंजिनाला बदल पचायला वेळ लागतो.

२. काटा वर गेला तर तोच फेरा पुन्हा. खाली गेला तर उलट दिशेने.

३. आता दुसऱ्या बाजूला तेवढंच. दोन्ही बाजू शक्यतो सारख्या वळशांवर ठेवा.

४. काटा सर्वांत वर पोचला की वळसा निम्मा करा, पावाऐवजी अष्टमांश.

५. आरपीएम वाढला असेल तर स्पीडचा स्क्रू सैल करून खाली आणा आणि वरचे फेरे पुन्हा करा.

६. शेवटी दोन्ही स्क्रू काटा जेमतेम उतरू लागेपर्यंत आत घ्या आणि तिथून किंचित बाहेर काढा. यापेक्षा रिच ठेवण्यात काही फायदा नाही, प्लग काळे होतात एवढंच.

ऑटोमॅटिक गाडीचा अंतिम आकडा ड्राईव्हमध्ये बघतात. त्यासाठी आत बसून ब्रेक घट्ट दाबणारा माणूस हवाच, चाकांना ठोकळे हवेतच, आणि तुम्ही गाडीच्या पुढे नाही, बाजूला उभे हवेत. साध्या कॅमच्या ३५० ला ड्राईव्हमध्ये साधारण ६००, मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर न्यूट्रलला ७०० आरपीएम ठीक. तुमच्या गाडीचा नेमका आकडा त्या वर्षाच्या शॉप मॅन्युअलमध्ये बघा.

स्क्रू ऐकत नसतील तर

दोन्ही मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेतले की इंजिन बंद पडलं पाहिजे, निदान अडखळलं तरी पाहिजे. तरीही मजेत चालत असेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. थ्रॉटलची जागा आणि पातळी तुम्ही तपासलीच आहे, म्हणजे उरला पॉवर व्हॉल्व्ह. हॉलीत हा रबरी डायफ्रॅमचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम कमी झाला की जास्त पेट्रोल सोडतो. कार्ब्युरेटरमधून एकदा जोरात बॅकफायर झालं की डायफ्रॅम फाटतो आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातं. १९९० च्या दशकापासूनच्या कार्ब्युरेटरमध्ये बॅकफायरपासून वाचवणारी छोटी गोळी बसवलेली असते, जुन्यांत नाही. व्हॉल्व्हवर ६५ असं कोरलेलं असेल तर तो ६.५ इंचांना उघडतो. बदलताना आयडलच्या व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा घ्यायचा, असा ढोबळ नियम आहे.

उलट, एकच स्क्रू फरक दाखवत नसेल आणि इंजिन लीन असेल तर त्या बाजूची बारीक वाट तुंबली आहे. मीटरिंग ब्लॉक काढा, क्लीनर मारा आणि दाबाची हवा सोडून वाट आरपार मोकळी झाल्याची खात्री करा. त्या भोकांत तार किंवा ड्रिल कधी घालू नका. तिथे केसाएवढा फरकही मोठा असतो.

क्वाड्राजेटचं दुखणं वेगळं. हा १९६५ पासून आलेला कार्ब्युरेटर माझ्या मते आयडलसाठी आणि रोजच्या चालवण्यासाठी हॉलीपेक्षा सरस आहे. पुढची भोकं लहान असल्यामुळे त्याला पेट्रोलवर बारीक ताबा ठेवता येतो. पण त्याच्या बाउलच्या तळाशी विहिरींची तोंडं बंद करणाऱ्या बुचांमधून पेट्रोल झिरपतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप वेळ क्रँक करावी लागते, आणि आयडलला विनाकारण रिच वाटते. त्यावर उपाय म्हणजे कार्ब्युरेटर उघडून बुचांवर पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी लावणं. बऱ्याच क्वाड्राजेटचा फ्लोट फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा असतो. तो वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो, मग पातळी कशीही लावा, वरच जाते. तो नवाच घ्या. आणि थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून बघा. भोकात खुळखुळत असेल तर तिथून हवा जाते, बुशिंग घालून घ्यावं लागेल.

फक्त गरम झाल्यावर बिघडत असेल

दहा मिनिटं दुकानासमोर उभी केली आणि परत सुरू होताना त्रास, मग काही वेळ खडबडीत आयडल: हे बहुधा उष्णतेचं काम. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर उकळतं, आणि बाउलमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं. कार्ब्युरेटरखाली उष्णता रोखणारा फिनॉलिकचा (कडक प्लास्टिकचा) स्पेसर घाला. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्या. स्पेसरने कार्ब्युरेटर वर येतो, तेव्हा बॉनेट बंद करण्याआधी एअर क्लीनरची उंची मोजा.

मोठा कॅम असेल तर

आधीच्या मालकाने मोठा कॅम घातला असेल तर व्हॅक्यूम १० ते १४ इंचच मिळेल, आणि आयडल डोलणारच. १९६७ ते १९६९ च्या झी/२८ कॅमॅरोचा कारखान्याचा कॅमही तसाच होता, ते डोलणं म्हणजे दोष नव्हे. अशा इंजिनाला सुरुवातीचं टायमिंग जास्त लागतं, कमी आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह लागतो आणि मागच्या प्लेटांतून थोडी जास्त हवा लागते. थ्रॉटलच्या प्लेटांना भोकं पाडायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. वरचं सगळं करून झाल्याशिवाय तो ऐकू नका, पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

शेवटी वहीत ड्वेल, टायमिंग, व्हॅक्यूम, आयडल स्क्रूचे वळसे, मिक्श्चरचे वळसे आणि तारीख लिहा. नोव्हेंबरात गाडी आत ठेवताना टाकी भरून घ्या, त्यात स्टॅबिलायझर टाका आणि तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचावा म्हणून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा. एप्रिलमध्ये आयडल बिघडलेलं आढळलं तर स्क्रू न फिरवता आधी ताजं पेट्रोल, मग नळ्या. त्या हिवाळ्यात गाडी कुणी उघडली नसेल, तर वहीतले आकडे अजून बरोबरच आहेत.